मागच्या बस्करावरच्या बाई

बाई फळा फडक्याने पुसत नसत. वर्गात आल्या की पदर खांद्यावरून पुढे ओढायच्या, त्याचं टोक बोटांना गुंडाळायच्या आणि आधीच्या तासाचं सगळं त्या टोकावर उतरवून घ्यायच्या. त्यांची लुगडी गडद रंगाची असत आणि प्रत्येकाच्या पदराचा एक कोपरा पांढुरका दिसायचा. कुणी फडकं पुढे केलं तर म्हणायच्या, "फडक्याने अक्षर फासलं जातं. पुसलं जात नाही."

दुसरी सवय दोन शब्दांची. "पुन्हा म्हण." कविता चुकलेल्या मुलीला त्या हे म्हणायच्या, बरोबर म्हटलेल्या मुलीलाही म्हणायच्या. दूधवाल्याने भाव वाढल्याचं सांगितलं की त्यालाही म्हणायच्या. तो बिचारा पुन्हा सांगायचा आणि दुसऱ्या खेपेला एक पैसा कमी सांगायचा. खोटं माणसाला दोनदा नीट म्हणता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

यातलं बरंचसं मी देवासच्या मुलींच्या शाळेत भिंतीपलीकडून ऐकलं. संस्थानं विलीन झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे हिंदी शिकवायला लागले. आमचं घर धारचं. वडील दरबारच्या दफ्तरात होते. दरबार गेला, तरी सकाळी पागोटं बांधून पाच मिनिटं ओसरीवर उभं राहायची त्यांची सवय काही गेली नाही. पण त्यांना पुढचं दिसत होतं. "आता सगळं हिंदीत होणार," म्हणून त्यांनी मला हिंदीच्या परीक्षा द्यायला लावल्या आणि एकविसाव्या वर्षी मी नोकरीसाठी देवासला मावशीकडे राहायला आले.

जुनं देवास ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, त्या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द रस्त्याच्या मधून जायची. बाईंचं माहेर थोरल्या पातीत, सासर धाकट्या पातीत. "मी वरातीतून रस्ता ओलांडला आणि परराज्यात गेले," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. दिरांनी बोलणं टाकलं, आणि बाईंनी धाकट्या पातीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी धरली. मी गेले तेव्हा त्यांना बावीस वर्षं झाली होती.

मला त्यांनीच पसंत केलं. एकदा माझा तास चालू असताना दारात येऊन उभ्या राहिल्या, पाच-सात मिनिटं ऐकलं आणि निघून गेल्या. संध्याकाळी मावशीच्या घरी हजर. मावशीला वाटलं माझी काही तक्रार आहे. बाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "ही मुलगी मला सून म्हणून हवी आहे. मुलगा बदनावरच्या तहसिलीत कारकून आहे. तो नाही म्हणणार नाही. हिला विचारा."

मुलाकडची बाई आपल्या पायांनी मागणी घालायला आलेली मावशीने आयुष्यात पाहिली नव्हती. ती नुसती पदर सावरत राहिली. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक अट आहे. नोकरी सोडायची नाही. मी नोकरीवर गेले तेव्हा पहिल्या दिवशी हातातला खडू तुटला, इतके हात कापत होते. वेळ आली तर तुझे कापायला नकोत."

ही अट ऐकूनच मी हो म्हटलं. मुलाला त्यानंतर आठ दिवसांनी पाहिलं. तोही बरा निघाला.

साखरपुडा झाला, वैशाखातला मुहूर्त धरला, आणि बाईंनी आमच्या दोघींसाठी एक कायदा केला. शाळेकडून घरी येताना एक पिठाच्या गिरणीचा नाका लागायचा. "नाक्याच्या अलीकडे मी बाई आणि तुम्ही ताई. नाक्याच्या पलीकडे मी सासू आणि तू सून. गल्लत करायची नाही." शाळेत त्या मला खरोखर अहो-जाहो करायच्या. नाका ओलांडला की त्याच दमात, "अगं, डोक्यावर पदर घे, समोरून माझे दीर येतायत." मला गंमत वाटायची. देवासच्या माणसाला अशा हद्दी अंगवळणी पडलेल्या असतात, असं मी धारला वडिलांना लिहून कळवलंसुद्धा.

हा कायदा मोडला तो त्यांनीच.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनी माझं नाव ठरवून ठेवलं होतं. विद्या. एके दिवशी माघात, चौथीच्या भरल्या वर्गातून त्यांनी मला हाक मारली, "विद्या, खडूची पेटी दे गं इकडे." मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेत मी विद्याताई झाले होते.

शिक्षिकांच्या खोलीत आम्ही सहाजणी होतो. मी उभी राहून म्हटलं, "बाई, हजेरीपटावर माझं नाव वत्सला आहे. सर्टिफिकेटांवर तेच आहे. लग्नानंतरही तेच राहील."

"पुन्हा म्हण."

"तेच राहील."

बाई म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव तुला ठाऊक आहे? इथे कुणालाच ठाऊक नाही. आता कुणी त्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघायची नाही. माझं काय अडलं?"

"तुमचं नसेल अडलं. माझं अडेल."

हे मी चारचौघींत बोलले. बावीस वर्षांत त्या खोलीत बाईंना कुणी असं बोललं नव्हतं. त्या उठल्या आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेल्या. नाक्यापर्यंत त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या गेलो.

त्याच आठवड्यात दोन्ही पात्यांच्या मुलींच्या शाळा एक करायचं ठरलं. राज्य एक झालं, तर शाळा दोन कशाला? नव्या मुख्याध्यापिका ग्वाल्हेरकडून आल्या होत्या. आम्ही त्यांना बहनजी म्हणायचो. स्वभावाने चांगल्या, पण मराठीचा गंध नाही, आणि वरून कागद मागण्याची घाई. त्यांनी मला बोलावलं. "आप तो दोनों भाषाएँ जानती हैं. मराठीवाली अध्यापिकाओं का यह खाना आप ही भर दीजिए."

पाच नावं होती आणि पुढे एकच रकाना. हिंदीत शिकवता येईल का? पहिल्या चौघींपुढे मी लिहिलं, 'कामचलाऊ'. ते खरं होतं. आमच्या सगळ्या मराठी बायका बाजारात, टांगेवाल्याशी, मोलकरणीशी हिंदी नाहीतर माळवी बोलायच्याच. लिंगं चुकायची, काम अडायचं नाही. बाईंचं हिंदीही तसंच होतं, चौघींपेक्षा तसूभर कमी नाही की जास्त नाही.

त्यांच्या नावाशी येऊन मी टाक दौतीत बुडवला. आपल्याच सासूला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणायला नको, असं मी मनाशी म्हटलं. हे कारण खोटं नव्हतं. पण ते एकटंच नव्हतं. मी लिहिलं, 'नहीं'. शाई वाळू दिली, कागदाची एक नक्कल उतरवली आणि दोन्ही बहनजींना नेऊन दिले.

चैत्रात हुकूम आला. चौघींना वर्षभराची मुदत, तेवढ्यात हिंदीची परीक्षा द्यायची. बाईंना कमी केलं होतं. परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पुन्हा विचार होईल, अशी एक ओळ खाली होती. बाईंनी वर्गाच्या दारातच तो कागद वाचला, घडी करून कमरेला खोचला, आत जाऊन अर्धी राहिलेली कविता पूर्ण केली. मग फळा पुसला, बहनजींच्या टेबलावर कपाटाची चावी ठेवली आणि नमस्कार करून गेल्या.

आता सोयरीक मोडल्याचा निरोप येणार म्हणून मी दोन दिवस मावशीच्या घरी जीव मुठीत धरून बसले. निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात पाऊल टाकलं. मुली उभ्या राहिल्या. मागच्या रांगेत, घरून आणलेलं बस्कर घालून बसलेल्या बाईही उभ्या राहिल्या. हातात पाटी होती आणि हिंदीचं दुसरं पुस्तक.

बहनजींची परवानगी त्यांनी काढली होती. तो तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही.

नाका ओलांडल्यावर मी त्यांना गाठलं. "बाई, हे बरं दिसत नाही. मी घरी येऊन शिकवते."

"घरी तू सून होणार. सुनेपुढे माझी चुकायला जीभ वळायची नाही. वर्गात चुकायला सगळ्यांना मुभा असते."

"लोक हसतायत."

"हसू देत. चुकल्यावर हसणाऱ्याकडे बघू नये, हे मी पोरींना बावीस वर्षं सांगत आलेय." मग म्हणाल्या, "आणि लग्न पुढे ढकललंय. जिच्याकडून शिकायचं तिच्याकडून पाया पडून घ्यायचं नसतं. परीक्षा झाली की मग तू माझ्या पाया पड."

धारहून वडील पुढच्याच मोटारीने आले. धरलेला मुहूर्त कुणी असा मोडतं का, म्हणून त्यांनी आवाज चढवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोडला नाही. थांबवलाय."  वडील चहा घेऊन परत गेले. बदनावरहून मला एक कार्ड आलं, त्यात दोनच ओळी. 'आईचं कळलं. तिला नापास करू नये, ही विनंती.' त्या दिवसांत मला हसू आलं असेल तर ते तेवढंच.

सहा महिने बाई रोज आल्या. शेजारी बसलेली दहा वर्षांची पोर त्यांना हळूच सांगायची, "बाई, तिथे 'की' येतं." बाई मान हलवून दुरुस्त करायच्या. हिंदीत नपुंसकलिंग नाही याचा त्यांना फार राग होता. "आपलं मूल तो नसतं, ती नसते, ते असतं. घरसुद्धा ते असतं. यांच्याकडे प्रत्येकाला कोणती ना कोणती पाती धरावीच लागते." वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता मला माझा रकाना आठवला.

एकदा मी मुलींना 'बैठ जाओ' म्हटलं आणि बाईंना 'बैठ जाइए'. त्या बसल्याच नाहीत. "ताई, वर्गात सगळ्यांना एकच असतं." चाळीस मुली माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी मी म्हटलं, "बैठ जाओ." आणि माझ्या आईच्या वयाच्या, माझ्या होणाऱ्या सासूबाई खाली बसल्या. घरी येऊन मी जेवले नाही. मावशीला सांगितलं, डोकं दुखतंय.

परीक्षा जवळ आली, तेव्हा मला राहवेना. एका संध्याकाळी मुली गेल्यावर बाई एकट्याच शुद्धलेखन उतरवत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, त्या कागदावर तुमच्या नावापुढे 'नहीं' मी लिहिलं."

"ठाऊक आहे," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "हुकुमासोबत त्याची नक्कल जोडली होती. नक्कलही तुझ्याच हातची. बावीस वर्षं वह्या तपासल्यात मी."

पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. माहीत असून त्या माझ्यापुढे रोज उभ्या राहत होत्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू लिहिलंस ते खरं आहे का, हे मला आधी बघायचं होतं. खरं असतं तर बोलायला मला तोंड नव्हतं." त्यांनी टाक खाली ठेवला. "आता तू सांग. खरं होतं?"

"नव्हतं."

"पुन्हा म्हण."

"खरं नव्हतं, बाई. तुम्हाला चौघींइतकंच येत होतं. मी रागाने लिहिलं."

राग हा शब्द मी स्वतःशीसुद्धा पहिल्यांदाच उच्चारला. मला रडू फुटलं. बाईंनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली. समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, "हे तुझ्यामाझ्यापाशी राहू दे. माझ्या मुलाला कधी सांगू नकोस. त्याला घर हवंय. रोज उठून आईकडून बोलू की बायकोकडून, हे त्याला नको." आणि वही माझ्यापुढे सरकवली. "एवढं तपास."

त्यात एकही चूक नव्हती.

बाई दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. पण देवासची जागा भरली होती. जागा मिळाली ती निसरपूरला, थेट नर्मदाकाठी. कुक्षीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. या वयात एकटं कशाला जायचं, असं मुलाने विनवून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ट्रंक भरायला काढली.

मार्गशीर्षात धारला आमचं लग्न लागलं. देवासला गृहप्रवेश झाला. विधवेने अशा वेळी पुढे व्हायचं नसतं म्हणून बाई दाराच्या आड उभ्या होत्या. चुलत सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले. माझ्या नवऱ्याने अंगठी हातात घेतली, तेव्हा दाराआडून आवाज आला, "तिला विचार आणि लिही."

मी म्हटलं, "विद्या."

सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं, आता फिटलं. मी आत जाऊन बाईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. दोन दिवसांनी मोटारीत बसताना त्या मुलाला म्हणाल्या, "सांभाळून राहा रे." आणि माझ्याकडे वळून, "अच्छा बेटी, अपना ध्यान रखना." ही त्यांची थट्टा आहे असं समजून मी हसले.

ती थट्टा नव्हती. त्या दिवसापासून बाई माझ्याशी हिंदीतच बोलल्या. निसरपूरहून मुलाला पत्र यायचं ते मराठीत, मला यायचं ते हिंदीत, आणि वर नाव वत्सला. घरादाराने मला विद्या केलं, त्यांनी कधीच नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणाला रजा काढून आल्या. सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही, डिंकाचे लाडू स्वतः वळून भरवले, आणि भरवताना म्हणायच्या, "पूरा खाओ, छोड़ना नहीं." नातीला मांडीवर घेतलं की मराठी. माझ्याकडे मान वळली की हिंदी. आवाजात राग म्हणाल तर कधी दिसला नाही. माया होती, ती मला हाताला लागत होती. मी मराठीत उत्तरं देऊन पाहिली. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि हिंदीत पुढे बोलायच्या.

नवरा म्हणायचा, "अगं, तिला सवय झालीय शाळेची." मी मान डोलवायचे.

आठ वर्षं त्या निसरपूरला होत्या. एका श्रावणात ताप आल्याची तार आली. आम्ही पोचलो तोवर गावाने सगळं उरकलं होतं. एक खोली, एक ट्रंक, भिंतीशी रचलेल्या मुलींच्या वह्या. अंगणात बायका बसल्या होत्या. आम्ही दोघं आपसात काय न्यायचं, काय वाटायचं ते बोलत होतो. शेजारची एक बाई ऐकत होती. तिने नवलाने विचारलं, "आप लोग मराठी हो? तो बहनजी मराठी थीं? आठ बरस हमारे बीच रहीं, हमको तो आज मालूम पड़ा."

 हातातलं लुगडं तसंच धरून माझ्या नवऱ्याने मला विचारलं, "आईचा मराठीवर एवढा जीव. इथे कुणाला कळूही दिलं नाही तिने. असं का केलं असेल गं?"

माझ्या डोळ्यांपुढे तो रकाना आला, 'नहीं' लिहिलेला. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

बाईंनी सांगू नको म्हटलं होतं म्हणून मी बोलले नाही, असं मी अजूनही स्वतःला सांगते.